पाच हजारांत नऊ नावं

इराकच्या दक्षिण भागात तैग्रिस नदीच्या काठी अमारा हे शहर आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश-हिंदी फौजेची मोठी इस्पितळं इथे होती आणि साहजिकच इथे मरणारेही पुष्कळ होते. नदीच्या डाव्या तीरावर हिंदी सैनिकांसाठी वेगळी दफनभूमी आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीनुसार तिथे सुमारे पाच हजार हिंदी सैनिकांचं स्मरण केलं जातं. त्यांतल्या किती जणांची ओळख नावानिशी पटलेली आहे? फक्त नऊ जणांची. बाकीच्यांची ओळख पटत नाही, कारण कोणाला कुठे मूठमाती दिली याची सविस्तर नोंद त्या वेळच्या लष्कराने ठेवलीच नाही. हे पाच हजार हिंदुस्थानच्या अनेक प्रांतांतून आलेले होते. मात्र मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, ही मराठी पलटणींचीही मोठी रणभूमी होती. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे, बेळगाव या जिल्ह्यांतून गेलेली माणसं तिथे लढली, आजारी पडली, कैद झाली आणि मेली. त्यांचे पणतू-खापरपणतू आज महाराष्ट्रात आहेत. आपल्या घरातला एक माणूस वंशावळीतून अर्ध्यावर का गळाला, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नसेल.

मराठी समाजात पूर्वजांचा शोध नवा नाही. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापले. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये पिढ्यानपिढ्यांची नावं आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात वतनं आणि इनामं यांसाठी दिलेल्या कैफियती आणि वंशावळी मोडीत लिहिलेल्या सापडतात. अलीकडे जातपडताळणीसाठी १९५०, १९६१ किंवा १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून सामान्य घरांतली माणसंही तहसील कचेरीत जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, शोधत असतात. या सगळ्या साधनांचा आधार एकच आहे. माणूस गावात जन्मला, गावात राहिला, गावात मेला, जमीन किंवा वतन मागे ठेवून गेला किंवा तीर्थाला जाऊन आला, तरच तो या कागदांत उतरतो. परमुलखात मेलेला शिपाई यांतल्या प्रत्येक वहीच्या बाहेर पडतो. माझं म्हणणं असं की अशा हरवलेल्या पूर्वजाचा शोध त्याच्या कबरीपाशी किंवा चितेच्या जागेपाशी संपवायचा नसतो, कारण ती जागा बहुधा मिळणारच नाही. त्याच्या मृत्यूचा एक कागद सरकारी जगात आहे आणि दुसरा त्याच्या गावात आहे. हे दोन्ही एकमेकांना जोडणं हाच खरा शोध आहे, आणि तो आज साध्या माणसालाही करता येतो.

आधी ही माणसं तिथे कशी पोचली ते पाहू. १९१४ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश-हिंदी फौज बसऱ्याजवळ उतरली. इराणच्या तेलाचं रक्षण आणि तुर्कांशी सुरू झालेलं युद्ध ही त्यामागची कारणं होती. या फौजेचा कणा होता सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने पुढे गेली, टेसिफोनच्या लढाईनंतर मागे हटली आणि कुत-अल-अमारा या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. उपासमार आणि रोगराई यांनी आधीच खंगलेल्या हजारो शिपायांना आणि छावणीच्या नोकरांना तुर्कांनी वाळवंटातून चालवत उत्तरेकडे नेलं. पुष्कळ जण वाटेत पडले. जे उरले त्यांतल्या अनेकांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनच्या परिसरात रेल्वेच्या कामाला जुंपलं गेलं आणि तिथेही माणसं मेली. युद्ध पुढे १९१८ पर्यंत चाललं आणि इतर मराठा पलटणीही या मुलखात येत राहिल्या. चार वर्षांत शिपाई आणि नोकर धरून सहा लाखांच्या घरात हिंदी माणसं मेसोपोटेमियात उतरली. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेने एवढी माणसं दुसऱ्या कोणत्याच आघाडीवर पाठवली नव्हती.

अशा मृत्यूंच्या जागा का हरवतात, हे समजून घेण्यासारखं आहे. चालत्या कैद्यांच्या रांगेतून जो खाली कोसळतो, त्याला कोण पुरणार आणि कोण लिहून ठेवणार? माघारीच्या धांदलीत घाईने पुरलेल्यांच्या खुणा पुराच्या पाण्यात आणि वाळूत टिकत नाहीत. जिथे रीतसर दफनभूमी केली तिथेही जमिनीने साथ दिली नाही. अमाऱ्याच्या मुख्य दफनभूमीतले सगळे शिलालेख १९३३ मध्ये काढून घ्यावे लागले, कारण मातीतले क्षार दगड खात होते. त्यानंतर ओळख पटलेल्यांची नावं एका भिंतीवर कोरली गेली. स्मारकांनाही जागा बदलाव्या लागल्या. बसऱ्याजवळ माकिल इथल्या आरमारी धक्क्यावर १९२९ मध्ये उभारलेलं बसरा स्मारक १९९७ मध्ये इराकी राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने उचललं गेलं आणि नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर अंतरावर पुन्हा बांधलं गेलं. त्यानंतर त्या देशाने किती युद्धं पाहिली हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा नेमकी जागा सापडेल या आशेवर जो वंशशोधाला निघतो, तो निराश होण्याचीच शक्यता जास्त. पुरल्याची जागा पूर, क्षार आणि राजकारण पुसून टाकू शकतात. नाव मात्र अनेक कागदांवर उतरलेलं असतं, म्हणून ते अधिक टिकतं.

पण नावाचाही इतिहास सरळ नाही, आणि इथेच या विषयातला अन्याय दिसतो. ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांचं स्मरण बसरा स्मारकावर केलेलं आहे. ब्रिटिश सैनिकांची नावं तिथे दगडात कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचं नाव आणि तिच्यातल्या मृतांचा आकडा एवढंच आलं. आयोगाचा पायाच समानतेचा होता. हुद्दा, वंश, धर्म काही असो, मृत्यूनंतर सगळे सारखे, हे तत्त्व सांगत १९१७ मध्ये तो स्थापन झाला होता. मग असं का झालं? दगडावर जागा नव्हती, हे उत्तर टिकत नाही. फ्रान्समध्ये थिएपवालच्या एकाच स्मारकावर बहात्तर हजारांहून अधिक नावं कोरली आहेत. हिंदी नावं कोरणं अवघड होतं, हेही खरं नाही. फ्रान्समधल्याच नव शापेल इथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिक आणि मजूर नावानिशी आहेत. आपल्याच मुलखातला दाखला तर त्याहून शंभर वर्षं जुना आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर भीमा कोरेगावला जो स्तंभ उभा राहिला, त्यावर कामी आलेल्या शिपायांची नावं आहेत आणि त्यांतली बावीस महार शिपायांची आहेत. म्हणजे कंपनी सरकारला जे १८२० च्या दशकात जमलं, ते बसऱ्याला १९२९ मध्ये जमलं नाही.

याची कबुली यायला बराच काळ जावा लागला. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये दाखवल्या गेलेल्या एका माहितीपटाने हा प्रश्न लोकांपुढे आणला. त्यानंतर आयोगाने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार आफ्रिकी, आशियाई आणि इतर मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांचं स्मरण नावानिशी झालं नाही किंवा मुळीच झालं नाही, असं त्या अहवालाने मान्य केलं. आयोगाने माफी मागितली आणि ब्रिटिश सरकारनेही संसदेत खेद व्यक्त केला. माफीचं मोल मी कमी लेखत नाही. पण माफीने कोणाच्या वंशावळीतली रिकामी जागा भरत नाही. ती भरायची तर गावाकडूनही काम व्हायला हवं.

गावाकडे काय आहे? युद्ध संपल्यावर सरकारने अनेक गावांत छोट्या शिळा बसवल्या. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत त्या अजून दिसतात. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धासाठी या गावातून इतकी माणसं गेली आणि त्यांतली इतकी कामी आली, असा त्यांवरचा मजकूर असतो. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव तर या परंपरेमुळे अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले. पण या शिळा सहसा फक्त आकडा सांगतात. बसऱ्याच्या दगडावर पलटणीचा आकडा आणि इथल्या दगडावर गावाचा आकडा, अशी दोन्हीकडे गत एकच. पुष्कळांची समजूत असते की सगळी नावं दिल्लीच्या इंडिया गेटवर आहेत. इंडिया गेट सुमारे सत्तर हजार मृतांचं स्मारक आहे खरं, पण त्यावर कोरलेली नावं तेरा हजारांच्या आसपास आहेत आणि ती मुख्यतः वायव्य सरहद्द आणि अफगाण युद्धातल्या मृतांची आहेत. कुतच्या वाटेवर मेलेला शिपाई तिथे शोधू नये.

आता गावच्या कागदांकडे वळू. गाव नमुना चौदामध्ये गावात झालेले जन्म आणि मृत्यू असतात. त्यामुळे बसऱ्याला मेलेल्या शिपायाचा जन्म तिथे मिळण्याची शक्यता असते, मृत्यूची मात्र नसते. अनेकदा जन्माच्या नोंदीतही बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच असतं. दुसरा एक दरवाजा मात्र उघडा आहे. मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीच्या हक्कनोंदी सुरू झाल्या होत्या. खातेदार किंवा त्याच्या कुटुंबातला हिस्सेदार मेला की वारसांची नावं लावण्यासाठी फेरफार करावा लागे. तो गाव नमुना सहामध्ये लिहिला जाई. माणूस कुठेही मेला, तरी जमिनीवरून त्याचं नाव कमी करायला गावातच नोंद करावी लागे. म्हणून १९१६ ते १९२२ या काळातले वारसाचे फेरफार शिपायाच्या शोधात फार मोलाचे ठरतात. शिवाय त्यांत विधवेचं नाव सापडू शकतं. कुलवृत्तांतांमध्ये सुनांची नावं कित्येकदा पुसट असतात. मृत्यूचा कागद मात्र वारस विचारतो आणि मग बायको, आई, अज्ञान मुलगा हे सगळे एका ओळीत उभे राहतात. राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक तालुक्यांतले जुने अभिलेख स्कॅन करून ठेवले आहेत. बाकीचे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मागता येतात.

दुसरं टोक आयोगाच्या यादीत आहे. दगडावर न कोरलेली पुष्कळ नावं आयोगाच्या नोंदवह्यांत होती, आणि आज ती संगणकावर कोणालाही फुकट पाहता येतात. हिंदी शिपायांच्या बऱ्याच नोंदींमध्ये नाव, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख यांच्या जोडीला बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही दिलेला असतो. क्वचित बायकोचं नावही असतं. युरोपातल्या सैनिकाच्या नोंदीत जिथे घराचा पत्ता असतो, तिथे आपल्या माणसाच्या नोंदीत गाव आणि बाप आहे. वंशशोधाला याहून चांगलं काय हवं? वेल्हे, महाड, खेड, पाटण, मालवण अशा तालुक्यांची नावं जिथे भेटतात, तिथे साम्राज्याच्या कारकुनाने नकळत एका मराठी घराचा पत्ता लिहून ठेवलेला असतो. समुद्रावर मेलेल्यांसाठीही अशीच सोय आहे. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहातलं स्मारक पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचं आहे. त्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. कोकणातल्या अनेक मुसलमान आणि हिंदू खलाशी घरांसाठी हा धागा महत्त्वाचा आहे.

या दोन टोकांना जोडताना काळजी घ्यावी लागते. सुरुवात घरातून करावी. महायुद्धाचं चांदीचं किंवा काशाचं पदक असेल, तर त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. मृताच्या घरी काशाची एक मोठी चकतीही दिली जाई. तिच्यावर फक्त नाव असतं, पण ती घरात असणं हाच मृत्यूचा पुरावा असतो. पलटण कळली की शोध अर्ध्यावर येतो. मात्र १९२२ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अनुक्रमे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या पलटणी झाल्या, हे ध्यानात ठेवावं. जिल्हेही बदलले. तेव्हाचा कुलाबा म्हणजे आजचा रायगड. तेव्हाच्या रत्नागिरीत मालवण, देवगड होते आणि तेव्हाच्या साताऱ्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग होता. नावांचं रोमन लेखन कारकुनाच्या कानावर अवलंबून होतं. त्यामुळे फक्त आडनावाने शोधलं तर माणूस निसटतो. गावाने शोधावं, मग पलटणीने, मग बापाच्या नावाने. ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद आणि लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पलटणींच्या युद्धदैनंदिन्या यांतून प्रसंगाची माहिती मिळते, पण दैनंदिनीत शिपायांची नावं क्वचितच असतात. तिथे माणूस मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. त्याची पलटण त्या दिवशी कुठे होती, एवढं मिळालं तरी पुष्कळ.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हिंदूंमध्ये दहन करतात, कबरीला महत्त्व नसतं, मग हरवलेल्या जागेचं दुःख कशाला? त्या काळातल्या काही अधिकाऱ्यांनीही धर्माच्या नावाखाली हाच युक्तिवाद केला. पण मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही होत्या. त्यांच्यासाठी कबर हा धर्माचाच भाग होता. आणि हिंदू घरांपुरतं बोलायचं, तरी जागेवाचूनही मृताला नाव हवंच असतं. आपल्या परंपरेने याचा विचार फार बारकाईने केला आहे. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचं दहन करण्याचा पालाशविधी आहे. शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी राखून ठेवली आहे, आणि ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. घराण्यातल्या कामी आलेल्या पूर्वजाचा टाक देव्हाऱ्यात ठेवतात, आणि नाशिकच्या भागात धुळवडीला हे वीर वाजतगाजत मिरवतात. गावोगावच्या वीरगळांनी हीच गरज दगडात मांडली. बेपत्ता मृताला विधीत जागा देणारा समाज कबरीविषयी उदासीन असेल, पण नावाविषयी उदासीन नव्हता. श्राद्धात नाव आणि गोत्र उच्चारावं लागतं. तिथे आकडा चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे. ही माणसं साम्राज्यासाठी लढली, दुसऱ्या एका देशातल्या लोकांविरुद्ध लढली, मग त्यांचा गौरव कशासाठी? यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मी गौरवाविषयी बोलत नाही. नोंद आणि गौरव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगार, घराण्याची रीत, दुष्काळ, कर्ज, भरतीचा दबाव अशा अनेक कारणांनी माणसं पलटणीत गेली. कोणता घटक किती, हे कळायलाही आधी माणूस कोण होता हे कळायला हवं. साम्राज्याने या माणसांकडून काम घेतलं आणि मरणानंतर त्यांना आकड्यात जमा केलं. त्यांना तसंच आकड्यात राहू देणं म्हणजे साम्राज्याचाच हिशेब पुढे चालवणं होय. ज्याला त्या युद्धावर टीका करायची आहे, त्याच्या हातातही गावच्या कोणत्या वाडीतून कोण गेला आणि मागे कोण राहिलं याची यादी असली, तर ती टीका अधिक खरी होते.

तिसरा आक्षेप वंशशोधाच्या मुळावरच आहे. घराण्यांचा शोध जातीचा अभिमान पोसतो, असं म्हणतात, आणि कुलवृत्तांतांचा इतिहास पाहता ही भीती अनाठायी नाही. ज्यांच्याकडे इनाम, वतन आणि लेखणी होती त्यांच्याच वंशावळी लांबल्या. पण युद्धातल्या मृतांच्या याद्या वेगळ्या वाटेने जातात. तिथे मराठा शेतकरी आहे, दख्खनी मुसलमान आहे, १९१७ मध्ये उभ्या राहिलेल्या १११ व्या महार पलटणीतला शिपाई आहे, आणि भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाहक हे छावणीचे नोकरही आहेत. इथे वंशाचा मान मोजला जात नाही. नाव, बाप आणि गाव एवढीच नोंद असते. ज्या घरांची वंशावळ कोणी छापली नाही, त्यांना तीन-चार पिढ्या मागे जाण्यासाठी हा कागद कदाचित एकमेव ठरेल. म्हणून हा शोध कुलाभिमानाला खतपाणी घालणारा आहे असं मला वाटत नाही. उलट कुलवृत्तांतांनी ज्यांना बाहेर ठेवलं त्यांच्यापर्यंत तो पोचतो. अर्थात हे आपोआप होणार नाही. गावाने यादी करताना फक्त शिपाई आणि फक्त मोठी घराणी घेतली, तर जुनीच चूक पुन्हा होईल.

चौथी शंका अभ्यासकाची आहे. एकाच गावात एकाच नावाची, एकाच बापाच्या नावाची दोन माणसं असू शकतात. मग जुळणी खरी कशावरून? ही शंका रास्त आहे आणि तिला उत्तर शिस्तीचं आहे. बापाचं नाव, गाव आणि पलटण किंवा काळ या तिन्ही गोष्टी स्वतंत्र कागदांवरून जुळल्या तरच नातं नक्की धरावं. दोनच जुळल्या तर ‘संभाव्य’ असं स्पष्ट लिहावं आणि एकच जुळली तर थांबावं. कैदेत मेलेल्यांच्या तारखा ढोबळ असू शकतात, म्हणून केवळ तारखेवर निकाल देऊ नये. आपल्या घरात वीर असावा ही इच्छा पुरावा वाकवते, आणि वंशशोधातल्या बहुतेक चुका तिथूनच येतात. खोटं नातं जोडणं हा त्या मृतावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे, कारण त्याचं खरं घर मग कायमचं दूर राहतं.

आणि जागा न मिळताही स्मरण पूर्ण होऊ शकतं, याचा एक भक्कम दाखला आपल्याजवळ आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे तिसऱ्या पलटणीत, म्हणजे जुन्या ११० व्या मराठा पलटणीच्याच वारसदार पलटणीत, नाईक होते. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते कामी आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढा मोठा सन्मान मिळालेल्या या सैनिकाचीही ज्ञात कबर नाही. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. पण माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं गेलं. इथे कबर कोणी शोधली नाही. नाव, गाव आणि रणभूमी एकमेकांना जोडली गेली, आणि तेवढ्याने माणूस दोन्ही ठिकाणी परत आला. शौर्यपदकामुळे जे एका नाइकाच्या वाट्याला आलं, ते पदकाविना मेलेल्या शिपायाच्या वाट्याला का येऊ नये?

म्हणून काम कुठून सुरू करायचं ते स्पष्ट आहे. पंजाबमध्ये एक वाट दिसली आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या युद्धकाळच्या नोंदवह्यांमध्ये सुमारे तीन लाख वीस हजार भरती झालेल्यांची गाववार माहिती होती. ती आता टप्प्याटप्प्याने संगणकावर येत आहे, आणि जगभर विखुरलेली पंजाबी घरं त्यात आपला माणूस शोधत आहेत. मराठी मुलखासाठी अशी तयार वही नसली, तरी आयोगाच्या यादीतून तालुकावार नावं काढणं हे महाविद्यालयातल्या इतिहास विभागाला एका वर्षात झेपेल असं काम आहे. पुढची जुळणी गावाने करावी. ग्रामपंचायतीने जुन्या शिळेच्या शेजारी नावांचा फलक लावावा. त्यावर शिपाई आणि नोकर असा भेद करू नये. जिथे नातं संभाव्य आहे तिथे तसं लिहावं, आणि आधारासाठी पाहिलेले कागद दफ्तरात जोडून ठेवावेत. तलाठी कार्यालयातले १९१६ ते १९२२ चे फेरफार वाळवीला बळी पडण्याआधी पाहून घ्यावेत, कारण इराकमधली जागा आपल्या हातात नाही, पण हा कागद आहे. मृताचं नाव, बापाचं नाव आणि गाव एका ओळीत आलं की हरवलेला पूर्वज सापडतो. त्यासाठी तैग्रिसच्या काठी जावं लागत नाही. शेवटचा धागा त्याच्याच गावात आहे, आणि तो जोडण्याची जबाबदारी आता त्या गावाचीच आहे.